साखळी कुनी वढली

११ ऑगस्ट ७५
सुरेशनं ही वही हातात दिली. म्हनला, "आई, दिवसभर माझ्या कानाशी बोलतीस त्यातलं निम्मं हिच्यात लिव. तेवढंच मला हिशेब कराय गावतील." लेकाला शिकाय अमेरिकेला पाठीवला, तर तो आईचं तोंड बंद करायची युक्ती शिकून आला.
माझी शाळा चौथीपत्तोर, शिरोळकडं. किष्णेला पूर आला की सुट्टी, पूर उतरला की गाळ काडायची सुट्टी. तवा चुकलं तर चुकलं. हितनं फुडं सुरेशला नुस्तं सु. लिवनार. आनि मालकांचं नाव जन्मात घेतलं न्हाय, ते आता काय घ्यायचं. ह्ये म्हंजे ह्ये.
ह्ये गेल्याला दीड म्हैना. खाली दोन खोल्या, वर माडी, मधी बोळ. एवढंसं घर, पन भांडं पडलं तर लई येळ वाजतंय.

१५ ऑगस्ट
बापू भावजी मुडशिंगीस्नं आलं. धाकटं दीर. दूध आनलं, डोळ्यात पानी आनलं, आनि घाटावरचं परत काडलं. लिवूनच ठेवते, म्हंजे परत ऐकाय नको.
धाव्या दिवशी पंचगंगेवर पिंडाला कावळा शिवंना. वरनं भुरभुर. मानसं भिजून गेली. ज्यानं त्यानं वचन दिलं. वैनीला संबाळतो म्हनलं, म्हस इकनार न्हाय म्हनलं. कावळं लांब बसून बघत्यात. मग भावजी वरडलं, "दादा, सुरेश आता माघारी जानार न्हाय! हितंच ऱ्हाईल!" आनि झाडावरनं कावळा आला, शिवला.
झालं. तवापास्नं सगळ्या भावकीनं धरलंय की ह्यांची विच्छा तीच हुती.
मी म्हनलं, "भावजी, कावळ्याला भूक लागली हुती. तुमी 'जिलबी' म्हनून वरडला असता तरी आला असता."
"वैनी, थट्टा नगा करू. दादाचा जीव हाय त्यात."
सु. नं दुधाचं भांडं उचलून आत न्हेलं. तो आला तवा राख सुदिक भरून झालती. अमेरिकेस्नं इमान यायला येळ लागला. त्यामुळं तो कुनालाच काय बोलत न्हाय.

२२ ऑगस्ट
तिकडनं पत्र आलं. सु. ची जागा धरून ठेवलीया, पन दिवाळीच्या आत हो का न्हाय कळवायचं. न्हायतर दुसरा मानूस घेनार. सु. नं पत्र वाचलं, घडी घातली, आनि मला म्हनला, कांदा चिरून देऊ का.
माझ्या मनाचं खरं? ऱ्हावा वाटतंय. रोज सकाळी वाटतंय. पन काल नारळी पुनवेला दिवेलागनीला परड्यात हुबा हुता चंद्राकडं बघत. सुटलेल्या यष्टीकडं बघावं तसा.

२७ ऑगस्ट
आज इचारलं, तू करतोस तरी काय. हितं सगळी इचारत्यात, मी सांगते चंद्राचं काम हाय. ती म्हनत्यात, बरं पगार बिगार?
सु. नं एक बटाटा घेतला, एक नारळ घेतला. माडीवरनं परड्यात टाकलं दोन्ही संगट. "काय बघितलंस?"
"माझा नारळ फुटला ते बघितलं."
"आई, संगट पडलं का न्हाय? जड आनि हलकं, दोन्ही सारखीच पडत्यात. तशीच पृथ्वी आनि चंद्र सूर्याकडं पडत्यात."
"मग आदळत का न्हाईत?"
"बाजूबाजूनं पळत पळत पडत्यात म्हनून. पन आमचा प्रश्न असा हाय, दोघं अगदी सारखीच पडत्यात का? का येकाला सूर्य जरा जास्त वढतोय? तसं असलं तर चंद्र सूर्याच्या बाजूला जरासा सरकलेला दिसंल. आमावशेला आनि पुनवेला अंतरात फरक पडंल. तेवढा जरी फरक निघाला तरी सगळं शास्त्र हलंल."
चंद्रावर आरसं ठेवल्यात म्हनं. थोडं अमेरिकेनं, थोडं रशियानं. हितनं उजेडाची चिळकांडी मारायची, ती आरशावर आपटून माघारी येती. याय-जायला किती येळ लागला त्यावरनं लांबी काडायची. येवढा लांब चंद्र आनि ही पोरं हातभराच्या मापात मोजत्यात.
ह्यांचा जन्म मोजनी खात्यात गेला. शेताशेतातनं लोखंडी साखळी वढायची आनि बांध कुठं ते दावायचं. सु. नं मागं येकदा ह्यांना हे सगळं समजावून सांगितलं हुतं. सगळं ऐकून घेतलं आनि येवढंच इचारलं, "आनि तिकडलं टोक कोन धरतो?"
पोरगं जन्मभर काय करनार त्यावर बापाचा तेवढाच येक शब्द. जा म्हनलं न्हाय, जाऊ नगो म्हनलं न्हाय. आता कावळ्याला इचारत बसा.

३१ ऑगस्ट, आयतवार
हसून हसून पोट दुखतंय. खातूनला तर उचकी लागली.
खातून म्हंजे शेजारीन. तिचा मालक भांड्यांस्नी कल्हई करतो. आमच्या दोघींच्या मधी नुस्ती भीत, ती पन आमी मानत न्हाय.
भावजी आल्ते. जेवताना सु. साठी येक पोरगी सांगितली, मग घाटावरचा कावळा सांगितला, मग बाहेरच्या खोलीत घोरत पडलं. सु. कालेजात गेलता, तिथनं आकडं करायचं यंत्र मागून आनायला.
बोळात खुंटीला ह्यांची जुनी साखळी हाय. झिजली म्हनून हापिसानं टाकली, ती ह्यांनी घरी आनली. दुसऱ्या बायकांचं दाल्लं सोनं आनत्यात. माझ्या मनात सैतान आला. खातूनला खुनावलं. दोघींनी उतरवली, आनि शाबादी फरशीवरनं हळूच वढली. खर्रर्र, खुळ्ळ, खर्रर्र. ह्ये कामावरनं आल्यावर येत हुता तसाच आवाज.
घोरनं थांबलं.
परत वढली.
"दादा!" करून भावजी उठलं ते पटका हितंच, पायताण हितंच, थेट रस्त्यावर. खातूननं पदर तोंडात कोंबला. मी साखळी खुंटीला अडकवली आनि साळसूद त्वांडानं भाईर जाऊन इचारलं, "काय झालं वो भावजी?"

३ सप्टेंबर
भावजीस्नी ताप आलाय म्हनून निरोप. हसू जरा आवरलं.

१४ सप्टेंबर
वाईट झालं.
भावजी मुडशिंगीच्या देवर्षीकडं गेलतं. त्यानं तांदूळ टाकून सांगितलं, पोरगा वचन मोडाय निघालाय म्हनून दादा घरात फिरतोय. पोराच्या जान्यायेन्यावर ध्यान ठेवतोय. आज भावजी दोन भावकीची मानसं घिऊन आलं, सु. ला म्हनलं, "लेकरा, तुझ्या बाला शांत ऱ्हाऊ दे."
मी मधी पडले. सांगितलं सगळं. मीच वढली, थट्टा केली, पाया पडते. भावजी माझ्याकडं बघतच ऱ्हायलं, मग त्यांचं डोळं भरलं.
"वैनी, तुमची माया कळतीया मला. पोराला जाऊ द्यायला खोटं बोलाय लागलासा."
"अवो खरंच मीच वढली! खातून हुती संगट!"
खातूनला हाक मारली. ती उंबऱ्यात हुबी ऱ्हाऊन म्हनली, "रमजान चाललाय भावजी, रोजा हाय माझा. खोटं बोलीन व्हय?"
"तुमी दोघी येकच."
जन्मभर येवढ्या थापा मारल्या, सगळ्या खपल्या. आज खरं बोलले तर कुनाला खपंना.
आनि ह्यात मला काय बोचतंय ते कुनाला सांगता येत न्हाय. भावजीस्नी वाटतंय दादा घरात हाय. मला तर ह्या दोन खोल्यांत रात्रंदिस असून कवा काय जानीवलं न्हाय. येवढा फिरतोय तर बायकोला येक खाकरा तरी ऐकवायचा.

२५ सप्टेंबर
सु. म्हनला, ऱ्हातो.
पोळी लाटत हुते. लाटनं तसंच हातात.
"कावळ्यामुळं?"
"न्हाय गं."
"देवर्षीमुळं? येवढा शिकून?"
"आई, मी नव्हतो तवा काकांनी सगळं केलं. खांदा दिला, पानी दिलं. आता ते म्हनत्यात ऱ्हा. मी कुठल्या तोंडानं न्हाय म्हनू?" मग जरा थांबून, "आनि बाबास्नी काय पाहिजे हुतं ते कुनालाच म्हाईत न्हाय. काका तरी म्हाईत हाय असं म्हनत्यात."
मला रागच आला. लाटनं फेकून मारावं वाटलं. त्याला न्हाय, ह्यांना.
मी लावलेली काडी. पोरगं जळतंय त्यात.
चंद्राचं गनित पुरं करून तिकडं पाठवतो म्हनला, आनि मग न्हाय म्हनून कळवतो. दिवसभर माडीवर त्या यंत्राचा दांडा फिरवत बसतोय. खडखड खडखड.

५ ऑक्टोबर
काल सर्वपित्री. वरीस झालेलं न्हाय, तवा आमाला काय करायचं नव्हतं. दुसऱ्यांच्या कौलावर कावळं जेवत हुतं ते बघितलं.
आज सु. माडीवरनं खाली आला, चहा मागितला, आनि हसत हुता. दोन म्हैन्यात पयल्यांदा.
त्याला गनितात येक फरक दिसत हुता म्हनं. आमावशेकडं चंद्र सूर्याच्या बाजूला सरकलेला. झोप उडालती त्याची. आज उलगडलं. आमावशेला चंद्र सूर्याच्या शेजारी, डोळं दिपत्यात, तिकडं दुर्बीन रोखाय येत न्हाय. म्हंजे त्या दिवसांची मोजनीच नव्हती. आजूबाजूच्या दिवसांवरनं त्यानं अंदाज धरलता, आनि तितंच फरक निघत हुता.
"म्हंजे जितं बघितलंच न्हाई तितंच तुमचं भूत?" मी म्हनलं.
"अगदी तसंच."
"तुमचं भूत पन आमावशेलाच व्हय रं."
मग नीट हिशेब करून काय आलं म्हनलं तर म्हनला, शून्य. पृथ्वी आनि चंद्र दोघं सारखीच पडत्यात. निदान हातभर मापापत्तोर तरी.
"आनि हाताच्या आत?"
"त्याच्या आत अजून दिसत न्हाय. असंल बी, नसंल बी. आता हाताचं वीत करायचं, वितीचं बोट. लई वर्सांचं काम हाय." येवढं बोलला आनि त्याच्या ध्यानात आलं, की हे काम तो करनार न्हाय. चहा तसाच ठेवून उठला.
चंद्रावर आरसं ठेवून काय न्हाय असं सापडलं, आनि पोरगं खूश. मला काय न्हाय सापडलं तर मी रडत का बसते?

७ ऑक्टोबर
खातूनकडची ईद. शीरखुर्मा आला. आवंदा घरात सणाचं गोड न्हाय. पन दुसऱ्याच्या सणाचं चालतं, असं मी आजच ठरीवलं. दोन वाट्या.

१२ ऑक्टोबर, आयतवार
आज अक्षर वाईट येनार.
दुपारी खातूनकडं तांदूळ निवडत बसलते. दोघी समोरासमोर, मधी सूप. बाजारातल्या बायकांची नक्कल चाललती. सु. दारात आला. तोंड पांढरं.
"आई, तू आत्ता घरात आल्तीस?"
"का रं?"
"बोळातनं साखळी वढत न्हेल्याचा आवाज आला. माडीवर बसलो हुतो. दोनदा आला. खाली येऊन बघितलं तर खुंटीवर हाय."
खातूनच्या हातातलं तांदूळ खाली पडलं. मी तिच्याकडं बघितलं न्हाय. सु. कडं बघितलं. त्याच्या डोळ्यात काय हुतं ते मी वळाकलं. तो ऱ्हानार हुता ते काकांच्यासाठी. आता बाच्यासाठी ऱ्हानार हुता. काकांच्या तावडीतनं मानूस कवातरी सुटतं. मेलेल्या बाच्या हातनं सुटत न्हाय.
मी खदाखदा हसले. कसं हसले ते माझं मला म्हाईत.
"मीच रं! भ्याला न्हवं? काकाला सांगितलं तर त्येला खपंना, म्हनलं शास्त्रज्ञाला लावून बघूया!"
बघत ऱ्हायला. "तू हितं बसलीस की."
"मागल्या दारानं गेले नि आले. इचार खातूनला."
खातून. देवा. तिनं सूप उचललं, पाखडाय लागली, आनि मान न वर करता म्हनली, "व्हय बाबा. उठून गेलती मधीच. मी म्हनलं, आत्ता परसाकडं कशाला चाललीस."
सु. भितीला टेकला. आनि हसला. डोळं पुसत हसला. "आई, तू म्हंजे ना."
"तुझ्या काकानं बी असंच ऐकलं हुतं," मी म्हनलं. "ह्या घरात फिरतंय ते मीच. दुसरं कोन न्हाय."

१३ ऑक्टोबर
सु. नं हो म्हनून तार केली.
मी भांडी घासताना खातून येऊन उकिडवी बसली. येक तांब्या घासून दिला. मग म्हनली, "आक्का, तू तर माझ्यासमोरनं हलली न्हाईस."
"न्हाय."
"मग?"
"मग काय. तू जाऊन आनखी तांदूळ निवड."
ती गेली. मी बोळात हुबी ऱ्हायले. साखळीला हात लावून बघितला. साखळी साखळीसारखी. सांदीत झुरळ. मी हळूच म्हनलं, "तुमीच असला तर मला बी ऐकवा की. म्या काय केलंय?"
काय न्हाय. शून्य.

२० ऑक्टोबर
भावजीस्नी सु. नं सोता जाऊन सांगितलं, मी जातोय. मला वाटलं आता दारात येऊन तमाशा हुनार. आलंच न्हाईत. ते जास्त वाईट.

२९ ऑक्टोबर
सु. गेला. मुंबईची गाडी. ठेसनात मी बाकीच्यांची टिंगल करत हुते, येक बाई पिशव्या मोजत हुती, तिची. त्यानं माझा हात धरला हुता. गाडी हलली तवा म्हनला, "आई, येकटी ऱ्हाशील न्हवं?"
मी म्हनलं, "येकटी कुठं. खातून हाय, झुरळं हाईत."
त्यानं इचारलं न्हाय परत, साखळीचं. मी बी काडलं न्हाय. खिडकीतनं बघत ऱ्हायला, मी पन. सारखंच लांब लांब.
घरी आले. कुलूप काडलं. लई येळ उंबऱ्यात थांबले, आत जायच्या आदी. म्हनलं आता तरी वाजंल.

४ नोव्हेंबर, पाडवा
सण न्हाय. दारात रांगोळी न्हाय. खातूनच्या पोरीनं माझ्या दारात कोपऱ्यात चार ठिपकं काडलं, मी बघितलं न्हाय असं दावलं.
दुपारी भावजी आलं. दूध घिऊन. दाढी वाढलेली. बाहेरच्या खोलीत न बसता थेट बोळात गेलं आनि फरशीवर बसलं, साखळीच्या खाली. मी पन पदर सावरून समोर बसले. म्हनलं आता बोलत्याल, वचन मोडलं, दादा खवळला.
"वैनी, वाजती का?"
"न्हाय."
"पोरगं गेल्यावर पन न्हाय?"
"न्हाय वो भावजी."
मान खाली. मग म्हनलं, "लहान हुतो तवा दादा मला सुट्टीला कामावर न्ह्यायचा. फुडलं टोक त्येच्या हातात, मागलं माझ्या. लांब ऊसातनं जायचा, दिसायचा न्हाय, पन साखळी हातात ताणायची तवा कळायचं की हाय. म्हनून त्या दिवशी मी भ्यालो खरा, पन रस्त्यावर हुबा ऱ्हाऊन वैनी, मला बरं वाटलं हुतं."
जिभंला थट्टा सापडंना.
"मला म्हाईत हाय," भावजी म्हनलं, "त्या दिवशी तुमीच वढलीसा. तवाच म्हाईत हुतं. पटका न्ह्यायला माघारी वळलो तवा तुमचं तोंड बघितलं. पन तुमी न्हाय असं धरलं तर तो हाय. म्हनून धरलं." नाक पुसलं. "आता येकदा वढा की. मी डोळं मिटतो. तुमीच हाईसा ते म्हाईत असून ऐकतो."
म्हातारं मानूस लेकरासारखं डोळं मिटून बसलं. पाठ भितीला, हात मांडीवर, मूठ वळलेली. आत काय धरल्यासारखी.
मी उठले. खुंटीकडं गेले. हात वर केला. पन मला हुंदका आला, तवा तशीच थांबले, साखळीला बोट न लावता. म्हनलं जरा हे गिळते, मग वढते. हुंदक्याचा येवढा जरी आवाज गेला तरी सगळी मजा जायची.
घरात चिडीचाप. भाईर कुठंतरी येक फटाकडा.
आनि भावजींची मूठ सैल पडली. डोळं मिटलेलंच, गालावरनं पानी.
"बास वैनी," म्हनलं. "बास. ऐकली."